राखेतला वाल

९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आत्याबाईंस,
पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. यांचा खोकला गेला, डेअरीतली रात्रपाळी काही जाईना. तुमचा डोळा कसा आहे? थेंब घालता, की बाटली देव्हाऱ्यात ठेवून नुसता नमस्कार करता? भंडारदऱ्याच्या वाऱ्यात चष्म्याशिवाय फिरू नका. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पत्र स्वतःच वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि आजचं वाक्य पुरं व्हायला हवं.

भात झोडून झालं का? बजरंग भावजींनी नवी ताडपत्री घेतली म्हणे, बरं झालं. भात घरात आलं की तुम्ही बियाण्याच्या वालाचं मडकं उघडता, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहायला बसले.

आधी एक खरं सांगते. दिवाळीला मला रजा होती. यांना एकट्याला पाठवलं, कारण तुमच्यासमोर बसून करंज्या खायच्या आणि पोटातलं पोटात ठेवायचं, हे मला जमलं नसतं.

मार्चमध्ये ऑपरेशनला आलात तेव्हा हट्टाने माझं काम बघायला आला होतात. तोवर मी तुमची 'मैल्याची मॅडम'. शहराच्या गटारांचं पाणी साफ करणाऱ्या केंद्रात सून नोकरी करते, हे तुम्ही सोयऱ्यांना कधी सांगितलं नाहीत. कोणी विचारलंच तर 'पाण्याच्या हापिसात हाय' म्हणायचात. त्या दिवशी भट्टी बघितलीत, गाळ भाजून निघालेली काळी राख मुठीत घेतलीत आणि म्हणालात, "आगीतनं निघालं, त्याला कसला इटाळ? बाभळीच्या राखंवानी हाय ही. घरात ग्यास आल्यापून चूल पेटत न्हाई, वालाला कीड लागू नये म्हून राख कुठनं आणू?" तपासणी व्हायची आहे, थांबा, असं मी म्हणेपर्यंत तुमची पिशवी भरलीसुद्धा होती.

आगीने जंतू मरतात, ते खरं आहे. पण तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं आहे. रसातलं पाणी उडून जातं, गोडी कढईतच राहते आणि घट्ट होते. आमच्या गाळाचं तसंच झालं. शहरातले काही कारखानदार, जुन्या बॅटऱ्या फोडणारे, धातूला मुलामा देणारे, आपलं पाणी चोरून गटारात सोडत होते. त्यातलं शिसं आणि कॅडमियम भट्टीत जळालं नाही, राखेत साठलं. अहवाल दिवाळीच्या तोंडावर आला. आत्याबाई, तुम्ही ज्या राखेत वाल ठेवला आहे, ती राख विषारी आहे. हे विष लगेच कळत नाही, अंगात हळूहळू मुरतं.

घाबरू नका. आणि काही टाकूही नका. मला धास्ती तुमचीच आहे. भावजींनी ओला हात घातला तर तुम्ही लोणच्याची आख्खी बरणी उकिरड्यावर ओतलीत. तुमच्याकडे बाटलं म्हणजे बाटलं. पण हा वाल तुमच्या आईने तुमच्या ओटीत घातलेला आहे, गावात दुसऱ्या कोणाकडे उरलेला नाही. तो उकिरड्यावर गेला तर कुठल्याच दुकानात मिळायचा नाही.

दिवाळीला यांना त्याच राखेच्या लहान गाडग्यातले मूठभर दाणे आणायला लावले, ते याचसाठी. दारात वेल लावायचा आहे, हे नुसतं निमित्त होतं. निम्मे धुऊन तपासायला दिले. विष राखेच्या धुळीत आहे, दाण्यात उतरलेलं नाही. धुतलेला दाणा स्वच्छ निघाला. बाकीचे धुऊन तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून पेरले.

शनिवारी संगमनेरला गाडी बदलून आम्ही येतो. तोवर मडक्याचं नि गाडग्याचं तोंड उघडू नका, उसळीला त्यातला दाणा घेऊ नका. मी नाकाला फडकं बांधून दाणे वेगळे करीन, धुईन, आणि राख नि धुवण डब्यात भरून माघारी नेईन. परसात थेंब सांडू देणार नाही. तुम्ही ओट्यावर बसून माझ्या चुका काढा. पुढच्या खेपेला शेजारच्या रोहिणीची राख मागून ठेवा, तिची चूल अजून चालू आहे.

इकडेही बरं घडतंय. शेतकऱ्यांना राखेची पोती द्यायचं थांबवलं आहे. त्या कारखान्यांचे पाइप शोधून बंद केले. भट्टीचा दोष नाही, तिच्या पोटात काय जातं ते बघायला हवं होतं. आता प्रत्येक खेपेला धातूंची तपासणी होते, आणि ती मी करते.

अजून एक राहिलं. रोहिणी सांगत होती, बाजारच्या दिवशी तुम्ही बायकांना पिशवी दाखवून म्हणालात, "माझ्या सुनंच्या भट्टीतली राख हाय." लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या कामाचं नाव तुमच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. ऐकून मी केंद्राच्या जिन्यावर बसून रडले होते. अहवाल हातात आला तेव्हा आधी वालाची काळजी वाटायला हवी होती. मला त्या वाक्याची वाटली.

डब्यातला वाल काल उगवला. माती डोक्यावर घेऊनच वर आलाय.

राख मी माघारी नेते. ते वाक्य तेवढं तुम्ही माघारी घेऊ नका.

तुमची मैल्याची मॅडम,
पंकजा