दोनदा वाजणारा भोंगा

प्रिय दादा,

मागच्या वेळी फोनवर तू विचारलंस, "तू तिकडे नक्की करतेस काय? लोकांना काय सांगू?" मी ते हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मला त्याचं उत्तर देता येत नाही. मी घरातली पहिली पदवीधर झाले म्हणून तू अख्ख्या गल्लीला चहा पाजलास, आणि त्या पदवीधर बहिणीला स्वतःचं काम एका वाक्यात सांगता येत नाही. गवंडी भिंत बांधतो, तू ट्रक चालवतोस. मी लोकांच्या घरी जाऊन बसते आणि त्यांची मुलं बरी आहेत ना, ते बघते. आई म्हणालीच होती, "एवढ्यासाठी शिकायला कशाला हवं होतं?" ती अगदीच चुकीचं बोलली नव्हती, असं आता वाटतं.

माझ्याकडे असलेलं बेट एवढंसं आहे, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस तब्येत विचारायला येतो. मी दर बुधवारी लाँचने जायचे. धक्का जवळ आला की लाँचवाला भोंगा दोनदा वाजवायचा. इतर दिवशी तो एकदाच वाजवतो, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, आपल्या मानासाठी असेल. हस पोटभर. मी खरंच पदर सावरल्यासारखी ताठ उभी राहायचे. "साहेबीण" हे नाव तू उगाच ठेवलं नाहीस.

तिथे एक मुलगी आहे. सात वर्षांची. स्वतःपेक्षा जड काहीतरी सतत उचलून नेत असते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. बाप मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा येतो. धाकटा भाऊ नुकता चालायला लागलेला. आईची तब्येत "जरा नरम" असते, असं शेजारच्या शिंपीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण दर बुधवारी मी गेले की फरशी पुसलेली, दूध तापवून झाकलेलं, मुंगी न्हालेली, आई खुर्चीत बसून माझ्याशी दोन शब्द बोलणारी. मी कागदावर "समाधानकारक" लिहून पुढच्या घरी जायचे. एक गोष्ट मात्र खटकायची. मुंगीची वेणी दर वेळी वेगळ्या हाताची असायची. कधी घट्ट, कधी सैल, कधी भांगच भलत्या बाजूला. एका आईच्या हाताला इतके प्रकार जमत नाहीत. आपली आई तर मला लग्नाला आणि परीक्षेला एकच वेणी घालायची. खटकलं, तरी मी विचारलं नाही. बाकी सगळं इतकं नीट होतं.

गेल्या महिन्यात लाँचचं इंजिन बिघडलं आणि बुधवार हुकला. दुसऱ्या दिवशी मासळीसाठी बर्फ नेणाऱ्या होडीतून मी गेले. तिला भोंगा नसतो. मुंगीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्टुलावर उभी राहून शेगडीवर दूध बघत होती. धाकट्याच्या कमरेला चादरीची पट्टी बांधून दुसरं टोक टेबलाच्या पायाला अडकवलेलं. गाठ पक्की होती, पण त्याला काचत नव्हती. मधे एक बोट जाईल एवढी जागा तिने ठेवली होती. आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी हाक मारली, ती वळली नाही. मुंगीने माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "आज भोंगा वाजलाच नाही." त्या आवाजात भीती नव्हती. गणवेश वाळला नसताना शाळेची गाडी दारात यावी, तशी ती ओशाळली होती.

मी शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, "हो, दोन भोंगे ऐकले की आम्ही धावतो. एक जण फरशी, एक जण दूध, जिचा हात मोकळा ती वेणी. काय करणार? मागे एका पोरीला तुमच्या खात्याने बोटीत बसवून बालगृहात नेलं. मोठी होऊन आली तेव्हा सख्ख्या मावशीला 'अहो' म्हणाली. ही पण तशीच न्यायची का?" मी विचारलं, बुधवारी करता ते रोज का नाही करत? त्या सुईत दोरा ओवत होत्या. दोऱ्याला गाठ मारून म्हणाल्या, "तिची आई आम्हाला दार उघडत नाही, बाई. लाज वाटते तिला. बुधवारी तुमचं नाव सांगितलं की उघडते."

परतताना होडीत मी खूप वेळ ते बोलणं मनात फिरवत राहिले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की घर मुलाला धोक्याचं असेल तर मूल हलवावं. ते चूक नाही. दूध तापवणारी सात वर्षांची मुलगी हा धोकाच आहे. पण या घराला मदत मिळायला माझी भीती लागत होती, आणि मी आठवड्यातून एकदाच भीती वाटण्याइतकी जवळ येत होते.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं, माझे आधीचे "समाधानकारक"सुद्धा खोडून. मुंगीच्या आईला डॉक्टरकडे नेलं, औषध सुरू झालंय. साहेब चिडले, मग त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात घर सावरलं नाही, तर मुंगीला आणि धाकट्याला बोटीत मलाच बसवावं लागेल. तसं मी शिंपीणबाईंना स्पष्ट सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग बघूच."

आता मूळ गोष्ट. आपल्या तिथल्या मुख्य कार्यालयात मला मिळालेल्या जागेबद्दल तू सगळ्यांना सांगितलं आहेस, आणि माझ्यासाठी खोलीला रंग देऊन खिडकीपाशी टेबल ठेवलं आहेस, हे मला आईकडून कळलं. फोनवर बोलले असते तर तू गप्प झाला असतास, आणि तुझं गप्प होणं ऐकून मी "बरं, येते" म्हणाले असते. म्हणून पत्र. ती जागा मी नाकारली. शिंपीणबाईंच्या दुकानावरची खोली घेतली, सामानही लावून झालं. आता मुंगीच्या घराचं दार कुणीही, कधीही वाजवतं आणि "बाई येणार आहेत" म्हणतं. ते खोटं नसतं, कारण मी शेजारीच, दुकानाच्या वर असते. तू रंगवलेल्या खोलीत आईला बसू दे, तिच्या डोळ्यांना उजेड लागतो. लोकांना काय सांगायचं, ते मला अजूनही सुचलेलं नाही. काल बुधवार होता. लाँच आली तेव्हा मी खिडकीत होते, आणि भोंगा एकदाच वाजला.

तुझीच,
साहेबीण