हलक्यात हलकं शेल

७ मे, रविवार
निर्णय झाला. यंदाचा उन्हाळा तळ्याकाठी. तंबू नाही, तंबूतून उठताना गुडघे कुरकुरतात. पिकअपच्या हौद्यावर शेल बसवायचं, डब्याला झाकण बसवतात तसं, आणि आत झोपायचं. फक्त शेल हलकं हवं. हलकं सामान, हलका माणूस, हा माझा सिद्धान्त.

ब्रेनाचा रविवारचा फोन आला. लेकीला सिद्धान्त ऐकवला. तिने विचारलं, "बरोबर कोण आहे, बाबा?" म्हटलं, हलक्या कॅम्पिंगचा अर्थच मुळी एकटा माणूस. ती "हं" म्हणाली. अगदी आईसारखं म्हणते.

१३ मे, शनिवार
दुकानात फायबरग्लासचं शेल पाहिलं. देखणं. चढवायला चार माणसं लागतात, चार कोपऱ्यांना चार. दुकानदार म्हणाला, "आम्ही बसवून देऊ. हिवाळ्यात उतरवायला तुमचे लोक असतीलच." म्हटलं, ढीगभर आहेत. पण फार जड. नापास.

कापडी शेल एकट्याला चढवता येतं. पण आमच्याकडच्या रानातल्या अस्वलांना कापड फाडायला कितीसा वेळ लागणार? तेही नापास. माणूस चोखंदळ असला की उशीर होतोच.

२१ मे, रविवार
सामान छाटलं. एक पातेलं, एक चमचा, एक झोपायची पिशवी. मार्लिसची, ब्रेनाच्या आईची, पिशवी माळ्यावर परत ठेवली. ती गेल्यानंतरचा हा तिसरा उन्हाळा. तिचा निळा कप हातात घेऊन पाहिला. वजन नगण्य. राहू दे सामानात.

३० मे, मंगळवार
शेल मिळालं! अ‍ॅल्युमिनियमचं, जुनं, पण मापाला चोख. गावाबाहेर गुरं पाळणाऱ्या वर्नचं. तो दोन मुलांना घेऊन ट्रेलरवरून घरपोच घेऊन आला. म्हणाला, "तुला धरून चौघं आहोत की! चढवूनच टाकू."

म्हटलं, छे छे, कशाला त्रास? शनिवारी माझी माणसं येताहेत.

"अरे वा! कोण कोण?"

म्हटलं, नेहमीचीच.

त्यांनी ते अंगणात लाकडी घोड्यांवर, सुतार फळ्या ठेवतात तसल्या, ठेवलं आणि गेले. गाडी बाजूलाच उभी होती. तरी बरोबरच केलं मी. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, नंतर फेडत बसावं लागतं.

१ जून, गुरुवार
ग्रेटाच्या हॉटेलात न्याहारी. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शनिवारी सकाळी शेल चढवतोय. बिअर आणलीय, सॉसेजही." थेट 'ये' म्हणणं आमच्याकडे बरं दिसत नाही, समोरचा उगाच अडचणीत सापडतो. शहाण्याला शब्दाचा मार.

शेजारचा नील्स म्हणाला, "मजा आहे बुवा तुझी!" म्हणजे येतोय. वर्नने तर सगळ्यांना सांगितलं की माझी माणसं येणार आहेत. छान वातावरणनिर्मिती झाली.

३ जून, शनिवार. सकाळ
बिअर बर्फात. खुर्च्या मांडल्या. कोणी आलेलं नाही. लोक सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतात.

नील्स कुंपणापाशी आला. शेलकडे बघून म्हणाला, "येतील हो तुझी माणसं. मी मध्ये लुडबुडत नाही." आणि घरात गेला. फार समजूतदार शेजारी. जरा कमी असता तर बरं झालं असतं.

दुपार
स्वतःच प्रयत्न केला. एक कोपरा सहज उचलला. उरलेले तीन जागच्या जागी. म्हणजे शेल हलकं आहे हे सिद्ध झालं.

सॉसेज करपले. खुर्च्या आत नेल्या, रस्त्यावरून दिसत होत्या. मग घोड्यांवरच्या शेलखाली गवतावर गादी टाकून पडून पाहिलं. उत्तम सोय. शिवाय पेट्रोलही लागत नाही. निळ्या कपातून बिअर प्यायलो. बाकीची कोणाला देणार, कळत नाही. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, नंतर खोडेन.

४ जून, रविवार
शेलखाली लोळत असताना ब्रेनाचा फोन आला, आत जाऊन घेतला. शेल चढलं का? म्हटलं, चढलं! तळ्याकाठीच आहे, समोर पाणी चमकतंय. नील्सही आलाय, मासे साफ करतोय.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी मोबाइलवर नाही, घरच्या फोनवर लावलाय."

आज "हं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर निभावलं असतं.

सांगून टाकलं. शेल हलकं आहे, पण एकट्याला उचलवेल इतकं नाही. आणि विचारलं, पुढच्या शनिवारी येशील का? एका कोपऱ्यापुरतीच.

म्हणाली, "येते. पण बाबा, बाकीचे दोन कोपरे?"

कुंपणापलीकडे नील्स गवत कापत होता. मशीनचा आवाज फार होता, नाहीतर तेव्हाच विचारलं असतं.