अब्बांची खाट इंग्रजीत

उमरगा, १४ जुलै, दुपारचे तीन. दवाखान्यातल्या चादरी बदलून नुकताच बसलोय.

अब्बा, तुम्हाला आणि अम्मीला सलाम. मी इथं मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. अम्मीचा गुडघा कसा आहे?

तुम्ही खाटा विणता म्हणून वर्गातल्या पोरी हसल्या आणि आपल्या धाकट्या उझमानं शाळा सोडली, हे कळल्यापासून मला झोप नाही. आज डॉक्टर मॅडमनी जाडजूड शब्दकोश दाखवला. इंग्रजीतला ‘कॉट’ आपल्या ‘खाट’वरूनच आलाय! मी दोनदा वाचून खात्री केली. मॅडम म्हणाल्या, “अरफात, साहेबलोक आपल्याच खाटेवर झोपले की रे!”

हे पत्र उझमालाच वाचायला द्या. मग तिला शाळेत सोडायला तुम्हीच जा. फाटकापाशी सुतळीचं बंडल पिशवीत लपवता, तसं आता करू नका. खांद्यावरच राहू द्या.

तुमचाच,
अरफात