दहापर्यंत मोज, ताई

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलोय. प्रत्यक्षात आठवडाभर वाकायचं नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय. कारण ओघात येईलच.) तुझे गुडघे आणि भावजींचं घोरणं, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. आम्ही सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

तुझी भाची मुंगी दोन महिन्यांनी चार वर्षांची होईल. तिचे शब्द आम्ही मोजले, ते अकरा भरले, आणि त्यातले चार ती फक्त मांजराशी बोलताना वापरते. घरात मी ‘काही होत नाही, बोलेल’ असं तोंड वर करून सांगत हिंडत होतो, पण खरं सांगतो ताई, माझी फार घाबरगुंडी उडाली होती. कान तपासून झाले, ते उत्तम आहेत. मग बालडॉक्टरांनी सांगितलं, थेरपीसाठी मूल्यमापन करून घ्या. मूल कसं बोलतं, खेळतं, वस्तू कशा धरतं ते तिथे बघतात.

आता ‘मूल्यमापन’ म्हटल्यावर माझ्यातला पर्यवेक्षक जागा होणारच. सोळा वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. मोज्यातून, कंपासपेटीतून, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातातून चिठ्ठ्या काढल्या आहेत. मी लगेच फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सकाळी रंग, संध्याकाळी प्राणी, रविवारी उजळणी. हिने तिथे फोन करून विचारलं होतं. तिथल्या थेरपिस्टबाई म्हणाल्या, काहीही तयारी करून घेऊ नका, मुलीची झोप आणि खाणं नीट होऊ दे, आवडतं खेळणं बरोबर आणा, बस्स. मी म्हटलं, परीक्षेआधी सगळे असंच म्हणतात. (हुशार मुलं तर हमखास.)

मग आला अकरा पानांचा फॉर्म. मूल स्वतः बटण लावतं का? मी लिहिलं, ‘हो, झटपट.’ हिने ते खोडून लिहिलं, ‘बाबा लावतात.’ पाणी हवं असेल तर मागतं का? ‘बाबांना आधीच कळतं.’ बूट? ‘बाबा.’ पाचव्या पानापर्यंत तो फॉर्म मुंगीचा आहे की माझा, असा प्रश्न पडायला लागला. मी म्हटलं, निदान तिच्या चांगल्या दिवसाचं तरी लिही. ही म्हणाली, रोजचं लिहायचं, नाहीतर मदत कसली करणार त्या? नवरा असूनही मला हे पटलं.

त्या दिवशी थेरपिस्टबाईंनी मला दाराजवळची मोठी खुर्ची दिली होती. ती सोडून मी मुंगीशेजारच्या, हात असलेल्या, चिमुकल्या लाल खुर्चीत बसलो. (मुलीला धीर द्यायला. बरं, खुणा करायला.) बसताना कुठेतरी ‘कट्’ असा आवाज आला, पण त्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता, कारण बाईंनी बदक उचललं होतं. आमचं ठरलेलं असं की, एकदा खोकलो तर बदक, दोनदा खोकलो तर हत्ती. मी शिस्तीत एकदा खोकलो. मुंगी तोंड उघडणार, इतक्यात मला खराच खोकला आला. ती बिचारी बदक सोडून खोलीभर हत्ती शोधत हिंडली.

मग बाईंनी साबणाचे फुगे उडवले आणि मध्येच बाटलीला झाकण लावून त्या नुसत्या गप्प बसल्या. मुंगी गप्प. बाई गप्प. घड्याळ तेवढं चालू. मला ते सहन होईना. ‘अजून हवेत तिला!’ मी ओरडलो. बाई गोड हसून म्हणाल्या, “बाबा, तुम्ही जरा खिडकीजवळ बसता का?” ताई, हेच वाक्य, याच सुरात, मी सोळा वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांना सांगत आलोय. मी मुकाट्याने उठलो. माझ्याबरोबर खुर्चीही उठली.

पुढचं थोडक्यात सांगतो. हिने माझे हात धरले, बाईंनी खुर्ची धरली, आणि ओढाओढ सुरू झाली. मुंगीने माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, नीट पाहणी केली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, “बाबा अडकले!” दोन शब्दांचं वाक्य! क्रियापदासकट! बाईंनी ते लिहून घ्यायला पेन उचललं, म्हणजेच खुर्ची सोडली, आणि मी खुर्चीसकट हिच्या अंगावर गेलो. कंबर तेव्हा गेली. पण अहवालात ते वाक्य ‘आपणहून बोलली’ म्हणून नोंदलंय, आणि त्यात माझ्या देहाचा वाटा आहे.

मग स्क्रू काढून मला मोकळं करण्यात आलं. बाईंनी समजावलं की इथे पास-नापास नसतंच; मुलीला काय जमतं आणि हात कुठे द्यायचा, एवढंच बघायचं असतं. तिला समजतं सगळं, पण बोलणं मागे आहे. आठवड्यातून दोनदा यायचं. किती महिने, ते आताच सांगता येणार नाही. मी भीत भीत विचारलं, माझ्यामुळे झालं का हे? त्या म्हणाल्या, नाही हो, पण मदत मात्र तुमच्यामुळे होईल. आणि गृहपाठ मला दिला! प्रश्न विचारायचा, ओठ मिटायचे आणि मनात दहा मोजायचे.

दहा हा फार मोठा आकडा आहे. सातला मला घाम फुटतो. मंगळवारी विचारलं, आधी कुठला बूट? आणि मोजत बसलो. नऊला तिने उजवा पाय पुढे केला आणि म्हणाली, “हा.” मी बुटांच्या कपाटात तोंड घालून रडलो, ताई. अगदी खरं.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. आता मुद्द्याचं. रविवारी तुझा फोन येईल. मुंगी कशी आहेस, बरी आहेस ना, जेवलीस का, जेवलीच असशील, असं विचारून तूच उत्तरं देतेस आणि तूच फोन ठेवतेस. (हे घराण्यातलंच आहे.) या रविवारी एकच प्रश्न विचार आणि दहा मोज. जमत नसेल तर भावजींना तुझ्या तोंडावर हात ठेवायला सांग. ते आनंदाने ठेवतील.

ता.क. २ तिला तुला काहीतरी सांगायचंय. रोज आरशासमोर सराव चाललाय. काय ते मला माहीत आहे, पण ते तिचं तिनेच सांगायचं. तेवढं मी आता शिकलोय.

ता.क. ३ राहवत नाही. ‘आत्या ये’ म्हणते गं ती! सांगून बसलो शेवटी. रविवारी तुला काही माहीत नाही असंच दाखव, आणि मोज.