तावदानावरचं बोटभर तेल

आई,

आपल्या स्वयंपाकघराची खिडकी गेल्या महिन्यात काढली. देवळाली कॅम्पातलं घर अजून धड आहे, पण त्या चौकटीला वाळवी लागली होती आणि वाऱ्याने तावदान खडखडायचं. मी बाबांना म्हटलं, नवी ॲल्युमिनियमची खिडकी बसवू, टफन काच घालू, फुटली तरी तिचे बारीक खडे होतात, धार लागत नाही. नाशिकला साइटवर मी हेच काम बघते, कुठे कोणती काच लावायची ते. बाबा म्हणाले, "चौकट नवी कर. काच तीच राहू दे." मला वाटलं, काटकसर. वयाबरोबर ती वाढलीय.

ती काच बसवली तो दिवस तू विसरली नसशील. आधी तिथे साधी काच होती. तू ओट्याशी उभी राहिलीस की गल्लीतून जाणारी बाई थांबायची, काचेवर टकटक करायची आणि मग आत यायची. निफाडला तुझ्या माहेरी दार कधी लागतच नसे, तुला त्याचं काही वाटायचं नाही. बाबांना वाटायचं. "घराची चावडी केलीय," म्हणायचे. एका रविवारी त्यांनी सुतार आणला आणि दुधी काच लावून घेतली. वरची झडप तेवढी उघडणारी, खालचं मोठं तावदान पक्कं. बाबा म्हणाले, "काच उजेडासाठी असते, बघायला नाही." सुतार हत्यारं आवरताना म्हणाला, "खरबरीत बाजू आत ठेवलीय, साहेब. बाहेर ठेवली तर पावसात भिजती अन् आरपार दिसाया लागतं." तू कणीक मळत होतीस, मान वर केली नाहीस.

दुसऱ्या दिवशी बाबा वर्कशॉपला गेल्यावर तू तेलाच्या भांड्यात बोट बुडवतेस आणि काचेवर, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला, रुपयाएवढा ठिपका घासतेस. मी गणवेशात दाराशी उभी आहे. पांढऱ्या काचेत एक गोल उघडतो आणि त्यात वळणावरचा कडुनिंब दिसतो. "हे काय गं?" मी विचारते. "फोडणी उडाली," तू म्हणतेस आणि डबा माझ्या हातात देतेस. पुढे डिप्लोमाला सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, खरबरीत पृष्ठभागावर उजेड चहूकडे विखुरतो, तेलाने त्यातले खड्डे भरले की तो सरळ जातो. वर्गात मला आपला ओटा दिसत होता. तू हे नुसतं सुताराच्या बोलण्यावरून ओळखलंस. पाणी वाळतं, तेल राहतं, एवढं तुझं तू जोडलंस.

मग दुपारी बायका परत यायला लागल्या, आता मागच्या दाराने. शेजारच्या काकू बशीत चहा ओतत विचारायच्या, "आले का गं तुझे साहेब?" तू म्हणायचीस, "अजून नाही. निवांत प्या." "निवांत काय डोंबल, तुझा डोळा तर काचेला चिकटलाय." सगळ्या हसायच्या. आणि एकदम तू, "आले, आले, उठा." कपबशा विसळायच्या, सतरंजी गुंडाळायची. वेळ पुरायचा, कारण बाबांच्या सायकलची चेन नेमकी त्या वळणावर पडायची. ते कडुनिंबाखाली वाकून ती बसवत राहायचे. तू म्हणायचीस, देवच पाडतो. तू गेलीस त्या दिवशी त्याच बायका पुढच्या दाराने आल्या. बाबांनी ते दिवसभर उघडं ठेवलं होतं.

तर खिडकी. काच धरून ठेवणारी जुनी लांबी दगडासारखी झाली होती. कारागीर पटाशीने ती टोकरत होता आणि तडा गेल्याचा आवाज आला. बाबा खुर्चीतून उठले, काठी न घेताच. "गेली?" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. फक्त खालचा कोपरा तडकला होता. टफन असती तर एका क्षणात सगळी गेली असती, आणि तिला नंतर कापताही येत नाही. ही साधी जुनी काच, कारागिराने ती चादरीवर ठेवली, काच कापायच्या हिऱ्याने रेघ ओढली आणि खालची पट्टी अलगद मोडून काढली. मी वाकून बघत होते तेव्हा तुझा ठिपका दिसला. स्वच्छ, आरपार. इतक्या वर्षांत तेल पिवळं पडून त्यावर धूळ बसायला हवी होती. मी बोट लावलं, तर ओलं.

"बाबा, हे?"

"फोडणी उडते," ते म्हणाले. ते कुकरच्या बिनफोडणीच्या खिचडीपलीकडे काही करत नाहीत.

मी ओलं बोट त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा तेच म्हणाले, "वळणावरून आपलं मागचं दार दिसायचं. बायका पळत निघायच्या, एखादी चपलेशिवाय. मग थांबायचो जरा."

"आणि चेन?"

"चेन चांगली होती."

मला भरून यायला हवं होतं, पण राग आला. मी म्हटलं, "तेवढं थांबता येत होतं, तर साधी काच परत लावायची. आई जन्मभर कपबशा लपवत राहिली." "एकदा बोलून बसलो होतो," ते चादरीवरच्या काचेकडे बघत म्हणाले. तेवढ्यात कारागिराने विचारलं, "काका, आता खरबरीत बाजू बाहेर घेऊ का? वर नवा छज्जा हाय, पाऊस लागत नाय. आत तेल धरतंय." बाबा म्हणाले, "धरू दे. आतच ठेव."

कापलेल्या पट्टीच्या जागी साधी काच भरली, बाकी तावदान तेच आहे. हे तुला माहीत नव्हतं आणि माहीत असायला हवं होतं, म्हणून लिहिलं. बाबांना हे दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर कुठेच नाही.

रविवारी मी जाते तेव्हा ते ओट्याशी उभे असतात. ठिपका तुझ्या उंचीचा, त्यामुळे त्यांना वाकावं लागतं. माझी गाडी दिसली की चहा टाकतात. गेल्या रविवारी मी वळणावर कडुनिंबाखाली गाडी थांबवली. दुधी काचेतून बाहेरून माणूस ओळखू येत नाही, नुसती सावली दिसते. खिडकीत कुणीतरी उभं होतं. मी तशीच बसून राहिले. घरात गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं गं गाडीला?" मी म्हटलं, चाकात हवा कमी वाटली.

हवा बरोबर होती.