समाधानी आहात ना?

३ जून
आले बाई एकदाची! ताई याच नर्सिंग कॉलेजात शिकवते, तिच्याच शब्दावर मलाही नोकरी लागली. आता दोघी बहिणी एकाच खोलीत. सरावकक्ष झकास आहे. पलंगांवर रबरी पुतळे असतात, मुली त्यांच्यावर सुया टोचायला शिकतात. पुतळे इतके हुबेहूब, की एकाला मी चुकून "जरा सरका" म्हणाले. ताई पोट धरधरून हसली. प्राचार्याबाई तर कुणावर आवाजसुद्धा चढवत नाहीत.

१४ जून
दर शनिवारच्या बैठकीत बाई प्रत्येकीला विचारतात, समाधानी आहात ना? सगळ्या शिक्षिका हो म्हणतात. म्हणे कॉलेजात एकही नाखूश नाही. असं तर माहेरीही नसतं! पूर्वी एकीने नाही म्हटलं, तिला बाईंनी विश्रांती दिली. ती आता कुठे असते, विचारलं तर ताईने विषयच बदलला.

२ जुलै
सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, वर दुसऱ्यांचे तास. पाय सुजून भोपळे झालेत. ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, मी बोलते बाईंशी.

५ जुलै
बैठकीत ताई उभी राहिली. "नाही. माझ्या बहिणीला झेपत नाहीये. आम्हा कुणालाच झेपत नाहीये."
बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दमलीस गं. पड जरा."
तिला सरावकक्षाकडे घेऊन गेल्या.

७ जुलै
ताई खोलीवर आलेली नाही. बाई म्हणतात, विश्रांती घेतेय. बाकीच्या माझ्याकडे बघत नाहीत. सरावकक्षात एक पुतळा वाढलाय.

८ जुलै
पुतळ्याच्या मनगटावर भाजल्याचा डाग. माझ्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करताना ताईला भाजलं होतं, तोच. मी नाडी पाहिली. लागतेय.

९ जुलै
हलवलं, उचलायला गेले — उचलवत नाही. बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, मुलींना सुई शिकवा, याच दंडावर. मी शिकवली. हळू टोचा, मुलींनो, हळू — कुणाचाच हात हलका नाही. एकजण म्हणाली, पुतळा डोळ्यांतून गळतोय. मी पुसलं.

१२ जुलै
बैठक. वही मांडीवर. हो म्हटलं तर रोज तिला टोचायचं. नाही म्हटलं तर — तिच्या शेजारचा पलंग रिकामा आहे. लहानपणी ताईशिवाय मला झोप यायची नाही.
माझी पाळी. बाई हसून विचारतायत.
ताई, सरक जरा, मी पण —