विकलेल्या गाडीची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, जन्मभर लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केलेला प्लंबर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे डॉक्टरांना विचारावे. शेजारी बायको भाजी निवडत बसली आहे, पण तिचे दडपण नाही. ती फक्त अधूनमधून डोकावते आणि "हे खोडा" म्हणते. इस्पितळातून आल्या आल्या मी जो कच्चा खर्डा लिहिला होता, तो रद्द समजावा. का रद्द केला, ते गाडीच्या कलमात येईल.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, बायकोचे. तिच्या हयातीत कोणी वाटण्यांचा विषय काढू नये. तिच्यामागे थोरली लेक आणि धाकटा लेक यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडायचे असेल तर मी आहे तोवर भांडून घ्यावे, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता येतील. न्हाणीघरातला नळ गळतो हे मला ठाऊक आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक बायकोची. पाने, पकडी आणि पाइपांना आटे पाडायचे हत्यार थोरलीला. ती दातांची डॉक्टर आहे, म्हणजे धंदा तोच, पाइप तेवढे बारीक. ड्रिल मशीन मेहुण्याने नेले, ते मोटर जळून परत आले. "आधीपासूनच तसं होतं," असे तो म्हणाला. ते मशीन मी त्यालाच देतो. आधीपासूनच तसे आहे.

कलम ३. आता गाडी. निवृत्तीनंतर मी एका बेकरीची जुनी व्हॅन घेतली आणि आत पलंग, ओटा, कपाटे, सिंक असे सगळे स्वतःच्या हातांनी बसवून तिचे फिरते घर केले. ती गेल्या रविवारी विकली. तिच्यावर आता घरच्या कोणाचा हक्क नाही आणि तिची जबाबदारीही नाही.

ही गाडी मी बायकोची हौस म्हणून घेतली होती. एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघत असताना ही मासिकातल्या एका फोटोवरून नजर काढेना. तळ्याकाठी अशीच गाडी, दारात एक बाई कप घेऊन बसलेली. मी मनात म्हटले, बिचारीला आपण कधी कुठे नेले नाही. मला स्वतःला परक्या जागी झोप येत नाही आणि मोठी गाडी मागे घ्यायची म्हटले की घाम फुटतो. तरी म्हटले, हिच्यासाठी करू.

सगळे झाले, नळ तेवढा राहिला. गावभर नळ बसवले, पण या एका नळाला मुहूर्त मिळेना. वॉशर आणायचा, हरवायचा, पुन्हा आणायचा. नळ बसला की निघावे लागणार ना. तिकडे हिचे पडदेही होईनात. शिवायची आणि लांबी चुकली म्हणून उसवायची. ही शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली बाई. हिची लांबी चुकते, हे मला कसे पटले देव जाणे.

मग मी इस्पितळात पडलो. धाकटा हात धरून म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही झालं तरी गाडी मी पूर्ण करीन. आईला तिच्यातून सगळीकडे फिरवीन. तुमचं स्वप्न अर्धवट राहू देणार नाही." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, माझ्या काळजीने.

घरी आल्यावर मी खर्ड्यात लिहिले, 'गाडी बायकोला, तिची हौस म्हणून.' माझे अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून ती नीट उतरवून काढायला बसली.

"ही माझी हौस कधीपासून?"

"मग कोणाची?"

"तुमची. निवृत्त झालात नि दिवसभर भिंतीकडे बघत बसायचात. गाडी आली, तुम्ही माणसात आलात. म्हणून गप्प बसले मी."

"आणि तो दवाखान्यातला फोटो?"

तिने बराच वेळ आठवले. "अहो, मी त्या बाईच्या स्वेटरची वीण बघत होते."

"मग पडदे?"

"मग नळ?"

आम्ही एवढे हसलो की मला गोळी घ्यावी लागली. छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याचा हृदयाशी काही संबंध नव्हता.

गाडी एका परिचारिकेने घेतली. "काका, एवढं सगळं केलंत, मग नळच कसा राहिला?" तिने विचारले. "तो तुमच्या हातून बसायचा आहे," म्हणालो, आणि नळ वॉशरसकट डबीत घालून दिला. तिने एका दमात गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढली. वाईट वाटले. पलंगाखालचे खण मी फार सुबक केले होते. गाडी वळली, तेव्हा बायको म्हणाली, "सुटलो बाई." मीही तेच म्हणणार होतो.

कलम ४. गाडीच्या पैशांतून आम्ही घरातल्याच पलंगाला नवी गादी घेतली. उरलेले बायकोचे. गाडीच्या जागी तिने कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, ती कोणी सोडू नये.

कलम ५, आणि सर्वांत महत्त्वाचे. काल धाकट्याचा फोन आला. "नाइलाजाने विकलीत ना बाबा? मी दुसरी घेऊन देतो." पोरगा सोन्यासारखा आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते. तेव्हा स्पष्ट लिहितो: माझी कोणतीही इच्छा अपुरी राहिलेली नाही. माझ्यामागे 'बाबांची फार इच्छा होती' म्हणून कोणीही काहीही पूर्ण करू नये, चाके असलेले तर मुळीच नाही. आईला काय हवे, ते आईला विचारावे आणि ती म्हणेल ते खरे धरावे. धाकट्या, तुझी माया मला पोचली. पण आई घरी राहते ती मन मारून नव्हे. मीही नाही राहिलो.

साक्षीदार:
१. समोरचे चष्म्याचे दुकानदार (घाईत स्वतःचा चष्मा विसरून आले, सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवले)
२. घरचे डॉक्टर (शुद्धीची खात्री करून)

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: गाडी गेल्यानंतरचा पहिला गुरुवार
सही: लिहून ठेवणार, प्लंबर

ताजा कलम, बायकोच्या हातचा: वाचले, मान्य आहे. गाडीचे पडदे या खिडकीला लावले. लांबी बरोबर आली.